वादळ समुद्रात, डाऊनी बागेत: ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अवकाळीत द्राक्षबाग कशी सांभाळायची

२०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ होतं. २००७ च्या ‘गोनू’नंतर या समुद्रातलं ते पहिलं सुपर सायक्लोन. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला ते लागलंच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेलं. पाठोपाठ ‘महा’ आलं, तेही समुद्रातच फिरलं आणि विरलं. तरीही त्या पंधरवड्यातल्या पावसाने आणि ढगाळ हवेने तासगाव, मिरज, कवठेमहांकाळपासून नाशिकपर्यंतच्या बागा डाऊनी (केवडा) या बुरशीरोगाने आणि घडकुजीने बसवल्या. उलट ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ थेट अलिबाग आणि मुंबईच्या मधल्या किनाऱ्यावर चढलं. सांगलीच्या बागायतदाराला दोन्ही वेळी सोसायचं होतं ते पाणी आणि ओल. वारा कोकणातच राहिला.

म्हणून बातमीत ताशी किती किलोमीटरचा वारा सांगितलाय, ते वाचून इथे घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. आपल्याला दोनच गोष्टी मोजायच्या आहेत: बाग छाटणीनंतर कितव्या दिवशी आहे, आणि पान किती तास ओलं राहणार आहे. खालची सगळी तयारी या दोन आकड्यांभोवती आहे.

आधी वजाबाकी

वादळाच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करायची. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या द्राक्षजातींचं फळछाटणीनंतरचं वेळापत्रक थंडीप्रमाणे चार-पाच दिवस मागेपुढे होतं, पण ढोबळमानाने असं धरा: ८ ते १२ दिवस पोंगा (कापसासारखा फुगलेला डोळा), १५ ते २० दिवस चार-पाच पानं आणि घड दिसणं, २५ ते ३५ दोडा (न उमललेल्या कळ्यांचा घड), ३५ ते ४५ फुलोरा, ४५ ते ५५ मणी सेटिंग (फुलाचा मणी धरणं), ८५ ते ९५ पाणी उतरणं (मणी मऊ होऊन गोडी भरणं).

आता जुन्या तारखा लावून बघा. १ ऑक्टोबरला छाटलेली बाग ‘फयान’च्या दिवशी ४१ व्या दिवसावर होती, म्हणजे ऐन फुलोऱ्यात. १५ सप्टेंबरची बाग २७ ऑक्टोबर २०१९ ला ४२ व्या दिवशी होती, तीच गत. १४ ऑक्टोबर २०२० ला आंध्रातून आलेल्या डीप डिप्रेशनने पंढरपूर, सोलापूर, सांगली झोडपून काढली, तेव्हा २० सप्टेंबरची बाग २४ व्या दिवशी कोवळ्या घडावर होती आणि १ ऑक्टोबरची जेमतेम दोन-तीन पानांवर. १ डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत १० ऑक्टोबरची बाग ५२ व्या दिवशी सेटिंग उरकत होती. १ सप्टेंबरची आगाप (लवकर छाटलेली) बाग मात्र ९१ व्या दिवशी, मण्यात पाणी उतरताना सापडली. एकच पाऊस, पण एका बागेत डाऊनी, दुसरीत गळ आणि कूज, तिसरीत मणी तडकणं.

डाऊनीचा सर्वांत मोठा धोका पाच पानांपासून सेटिंगपर्यंत, म्हणजे साधारण १८ ते ५० व्या दिवसात. या काळात घडावर गेलेला डाऊनी परत येत नाही, घडच जातो. पानावरचा डाऊनी सावरता येतो.

हस्त आणि चित्राचा पाऊस सांगलीच्या पूर्व भागाचा हक्काचाच पाऊस आहे, त्याला अवकाळी म्हणण्यात अर्थ नाही. २७ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर या दोन नक्षत्रांच्या काळात बाग फुलोऱ्यात सापडेल अशी छाटणी (म्हणजे साधारण १८ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर) करणारा आगाप भावासाठी उघडउघड जुगार खेळतो. तो खेळायचा तर सगळी बाग एका तारखेला लावू नका. चार एकर असतील तर १० ते १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन तुकडे करा. मजूर आणि फवारणी यंत्रालाही ते सोपं जातं.

बुलेटिन कसं वाचायचं

हवामान खात्याच्या पायऱ्या लक्षात ठेवा: कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, डीप डिप्रेशन, आणि वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ. नाव तेव्हाच मिळतं. बातम्यांना नाव लागतं, बागेला लागत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या त्या डीप डिप्रेशनला नावच नव्हतं.

बंगालच्या उपसागरातलं वादळ आपल्याला थोडी मुदत देतं. आंध्र किंवा तमिळनाडूचा किनारा ओलांडला की त्याचा उरलेला कमी दाब पश्चिमेकडे सरकतो. २०२० मध्ये १३ ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडला आणि १४ तारखेला आपल्याकडे धो-धो. ‘फेंगल’ ३० नोव्हेंबर २०२४ ला पुद्दुचेरीजवळ चढलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इकडे आभाळ भरलं. म्हणजे किनारा ओलांडल्याची बातमी आली की हातात एक ते तीन दिवस असतात. अरबी समुद्रातलं वादळ असं सांगून येत नाही. ते पाचशे किलोमीटर दूर असलं तरी त्याच्याकडे ओढलं जाणारं बाष्प आपल्यावरून जातं. तिथे वादळ कुठे चाललंय हे न बघता उपग्रह चित्रात ढगांचा पट्टा सांगली-सोलापूरवर आलाय का, एवढंच बघा.

कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो. महसूल मंडळातल्या ‘महावेध’ या हवामान केंद्राचा पाऊस आणि तुमच्या बांधावरचा पाऊस यात सहज फरक पडतो, म्हणून बागेत स्वतःचा साधा पर्जन्यमापक हवाच. उभ्या भिंतीचं कोणतंही सपाट भांडं उघड्यावर ठेवून आत पट्टीने मिलिमीटर मोजले तरी काम भागतं.

मिलिमीटरपेक्षा तास

दुपारी चारला १५ मिमीची सर येऊन ऊन पडलं तर बाग दोन तासांत कोरडी होते. संध्याकाळी सातला ३ मिमीची भुरभुर झाली, वर रात्री दव पडलं, सकाळी धुकं राहिलं, तर पान १२ ते १४ तास ओलं. दुसरा प्रकार कितीतरी वाईट.

डाऊनीची बुरशी तेलकट डागाच्या खालच्या बाजूला रात्री, अंधारात, हवा दमट असताना पांढरी फुलते. तिचे बीजाणू पाण्याच्या थेंबात पोहत पर्णरंध्रात शिरतात, त्यामुळे पानावर पाणी नसेल तर लागण नाही. २० ते २५ अंश तापमानात दोन-तीन तासांची ओलही तिला पुरते. डाग दिसायला पुढे पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे डाग बघून पंप जोडणारा आठवडाभर उशिरा पोहोचलेला असतो.

सेन्सर नसेल तर सकाळी सात, नऊ आणि अकराला मांडवाच्या मधल्या, दाट भागातल्या पानाला टिश्यू पेपर लावून बघा. कडेच्या ओळीत बघू नका, तिथे वारा लागतो आणि फसगत होते. नोंद वहीत ठेवा. पाऊस नसतानाही नऊपर्यंत टिश्यू भिजत असेल तर कॅनोपी (पानांचं छत) दाट आहे.

पावसाआधीचं काम: पाणी काढणं आणि हवा खेळवणं

२५ मिमी पाऊस म्हणजे एकरात सुमारे १ लाख लिटर पाणी. काळ्या भारी रानात ते जिरत नाही, बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) पायथ्याशी साचतं, पांढरी मुळी गुदमरते आणि आठ दिवसांत पानं पिवळी पडतात. मग लोक लोह आणि मॅग्नेशियमच्या फवारण्या करत बसतात. मुळाशी हवा नाही हे खरं कारण, ते चर खणूनच सुटतं. बागेच्या उताराच्या कडेला दीड ते दोन फूट खोल चर काढा, प्रत्येक ओळीच्या मधली सरी त्याला मिळते की नाही ते एक घागर पाणी ओतून बघा. बांधाला कुठे तोंड ठेवायचं हे शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्या. रात्री दोनला फावडं घेऊन ते ठरत नाही.

ओळींमधली नांगरट किंवा रोटर ऑक्टोबरमध्ये करू नका. मोकळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, आणि अवकाळीत बाग जाण्याचं सर्वांत साधं कारण हेच आहे: औषध घरात, ब्लोअर चिखलात. गवत उपटू नका, चार-पाच इंचांवर कापत राहा, त्यावर चाक चालतं. वळणाच्या जागी मुरूम टाकून ठेवा. एचटीपी (उच्च दाबाचा) पंप आणि बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेल एवढी पाइप तयार हवी, म्हणजे ट्रॅक्टर आत न नेताही फवारणी होते.

फुटींची विरळणी पाच-सहा पानांवर उरका. ९ बाय ५ फुटांवरच्या वेलीला ३० ते ३५ फुटी पुरेत. वांझ फुटी, बगलफुटी आणि घडाच्या खालची पानं काढली की औषध घडापर्यंत जातं आणि घड लवकर सुकतो. हे काम कोरड्या दुपारी करा. ओल्या बागेत मजूर फिरले की ते हातांनी आणि कपड्यांनी रोग ओळीओळीत पोहोचवतात. काढलेली फूट बागेत टाकायची नाही.

मांडवाच्या टोकाच्या खांबांचे ताण आणि तारांचे जोड एकदा चालत जाऊन हलवून बघा. ओल्या पानांचं वजन आणि ढिली झालेली माती एकत्र आली की कोपऱ्यातला खांब पहिला झुकतो.

बोर्डो, नीट केलेलं

छाटणी झाली की काड्या, ओलांडे (वेलीचे आडवे हात), खोड आणि तारांवर १ टक्का बोर्डो मारायचं. १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मोरचूद आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात फडक्यात बांधून लोंबकळत ठेवा, तळाला टाकलं तर नीट विरघळत नाही. चुना दुसऱ्या पिंपात थोडं थोडं पाणी घालून फोडा, गार होऊ द्या, गाळून ५० लिटर करा. दोन्ही द्रावणं तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतत काठीने ढवळा. नंतर लोखंडी पातं दोन मिनिटं बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा तपासा. सामू (पीएच) ७ च्या आसपास हवा. त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. कोवळी फूट आल्यावर १ टक्का बोर्डो मारलं तर पानं करपतात, ते फक्त उघड्या लाकडासाठी.

फवारणी: कधी, काय, किती

पावसाआधी स्पर्शजन्य औषध. मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला २ ते २.५ ग्रॅम, पाऊस यायच्या आत पानावर वाळलेलं हवं. २५ मिमी पाऊस झाला की त्यातलं निम्मं गेलं आणि ५० मिमीला सगळं गेलं असं धरून चाला. मग आठ दिवसांचं वेळापत्रक बघत बसायचं नाही.

पावसानंतर आंतरप्रवाही किंवा पानात शिरणारं औषध, शक्यतो २४ तासांच्या आत: सायमोक्झॅनिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के लिटरला २ ग्रॅम, किंवा मॅन्डीप्रोपॅमिड ०.८ मिली. इथे एक चूक फार जण करतात. मॅन्डीप्रोपॅमिड आणि डायमेथोमॉर्फ आलटून पालटून मारतात आणि औषध बदललं असं समजतात. दोन्ही एकाच गटाची आहेत, बुरशीच्या दृष्टीने तेच औषध. एका हंगामात एका गटाच्या दोनपेक्षा जास्त फवारण्या नकोत, आणि दोन्ही वेळा सोबत मॅन्कोझेब हवं. निर्यातीच्या बागेने मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतला काढणीपूर्व कालावधी बघितल्याशिवाय पुडी फोडू नये.

मिसळताना: फॉस्फरस ॲसिडचं पोटॅश मीठ तांब्याच्या औषधाबरोबर किंवा लगेच मागेपुढे नको, पानं आणि मणी भाजतात. जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं संजीवक) बोर्डोच्या किंवा कुठल्याही अल्कधर्मी द्रावणाबरोबर नको, जीएच्या पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ लागतो. पाऊस तोंडावर असेल तर जीएचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) पुढे ढकला, ओल्या घडावर मात्रा पातळ होऊन असमान मणी येतात.

ब्लोअरची मोजणी एकदाच करून ठेवा. ९ फुटांच्या ओळीला एकरात ४,८४० फूट चाल होते. ताशी ४ किलोमीटर म्हणजे १०० फूट साडेसत्तावीस सेकंदांत. एकराला २२ मिनिटं. सगळ्या नोझलचा मिळून प्रवाह मिनिटाला १२ लिटर असेल तर एकरी साधारण २६५ लिटर पडतं. दोड्याच्या वेळी ते पुरतं, पूर्ण कॅनोपीला ४०० लिटरपर्यंत जावं लागतं. पाऊस येतोय म्हणून ड्रायव्हर गिअर वाढवतो, चाल ताशी ६ होते आणि त्याच टाकीत दीडपट रान उरकतं. औषध मारल्याचं समाधान मिळतं, पानाच्या खालच्या बाजूला मात्र काहीच नसतं.

पाऊस थांबतच नसेल आणि पाणी मारायला उसंत नसेल तर मॅन्कोझेबची धुरळणी करतात. तेवढ्या दिवसापुरता तो आधार आहे, फवारणीला पर्याय नाही. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय डस्टर हातात घेऊ नका.

पाऊस उघडला की

पहिलं काम औषधाचं नाही, पाणी झटकण्याचं. ब्लोअरमध्ये पाणी बंद ठेवून नुसती हवा मारा, नाहीतर तारा हलवून घडातलं पाणी पाडा. फुलोऱ्यात हे फार महत्त्वाचं: फुलांच्या टोप्या घडाला चिकटून ओल्या राहिल्या की तिथूनच कूज आणि गळ सुरू होते.

ठिबक बंद. तीन-चार दिवस तरी. नत्र तर अजिबात नको. ढगाळ हवेत फूट आधीच लांबते, आणि १३ ते १७ दिवसांच्या बागेत त्याच जोराने घड जिरून बाळी (नुसता तणावा) होते. अशा बागेत पाणी तोडा, शेंडे थोपवा. बोदावरची पापडी वाफसा आल्यावर खुरप्याने हलकी फोडा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठच्या आत ओळीत फिरा. संशयित तेलकट डागाचं पान प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाबरोबर घालून रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी आली तर डाग जिवंत आहे आणि फवारणीला चुकारपणा चालणार नाही. आली नाही तर डाग वाळलेला आहे, एक फवारणी वाचली.

पाणी उतरलेल्या बागेचं गणित वेगळं. मणी सालीतूनही पाणी घेतो आणि मुळातूनही. आधी रान कोरडं ठेवून अचानक पाऊस पडला तर तडकणं जास्त, म्हणून अशा बागेत पावसाआधी थोडी ओल कायम ठेवा, एकदम ताण देऊ नका. तडकलेले मणी दोन दिवसांच्या आत कात्रीने काढा, नाहीतर त्यातला रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, चिलटं येतात आणि अख्खा घड आंबतो. तोडणी दोन दिवस चांगलं ऊन पडल्यावरच.

प्लास्टिक आच्छादन असेल तर पान ओलंच होत नाही, डाऊनीचा प्रश्न बराचसा मिटतो. पण कागद कॅनोपीला टेकता कामा नये आणि वरून गरम हवा निघून जायला फट हवी. आच्छादनाखाली भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीरोग), कोळी आणि फुलकिडे वाढतात, त्यामुळे औषधाचा खर्च बंद होत नाही, बदलतो.

उघड्या बागेतही आभाळ निवळून थंडी सुरू झाली की भुरीचीच पाळी असते. पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के लिटरला २ ग्रॅम, सकाळच्या वेळी. पारा ३२ अंशांच्या पुढे असताना ते मारलं तर मण्यावर डाग पडतात.

कागदपत्रं

हवामान आधारित फळपीक विम्यात अवकाळीची भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. गारपिटीचं संरक्षण मात्र वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची सूचना ७२ तासांत द्यायची असते. विमा अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपत असल्याने छाटणीच्या धांदलीत ती हुकते, तेव्हा छाटणीआधीच अर्ज भरा. सातबाऱ्यावर द्राक्षाची पीकपाहणी नोंदलेली आहे ना, तेही तेव्हाच बघा.

सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. पंचनाम्याआधी खराब घड काढणं भाग असेल तर आधी ओळ, घड आणि बांधावरची खूण एकत्र दिसेल असे तारखेचे फोटो काढा, काढलेल्या घडांचं वजन करून लिहून ठेवा आणि तलाठ्याला त्याच दिवशी लेखी कळवा.